आधीं सारथी, मग रथी

गेल्या दिवाळींत आमच्या नंदुरबारच्या घरीं दोन्ही वेळां एकवीस पानें मांडावीं लागत होतीं. पुण्याहून थोरले चिरंजीव, नाशिकहून धाकटे, सुरतेहून पुतण्या असे सर्वजण आपापल्या मुलांबाळांसह आले होते. घर असें भरलें म्हणजे आमच्यासारख्या सेवानिवृत्त शिक्षकास पुन्हां वर्ग भरल्यासारखें वाटतें. आणि भरल्या वर्गांत एकाएकीं शांतता पसरली कीं शिक्षकाचे कान टवकारतात, हें वाचकांस सांगावयास नकोच. पाडव्याच्या दुपारीं माडीवर अशीच शांतता पसरली, म्हणून आम्ही जिना चढून गेलों. पाहतों तों सतरंजीवर सहा मुलें गोल बसलेलीं, प्रत्येकापुढें कागद व पेन्सिल, आणि मध्यें आम्हीं कधीं न पाहिलेले बहुकोनी फांसे! आमच्या मागोमाग आलेल्या सौभाग्यवतींनीं "सणासुदीला घरांत जुगार!" म्हणून कपाळाला हात लावला. बलिप्रतिपदेस द्यूतप्रतिपदा असेंही नांव आहे, असें आम्ही म्हणणार होतों. पण प्रसंग पाहून गप्प बसलों.

"आजी, हा जुगार नव्हे. यांत पैसे नसतातच," आमचा सोळा वर्षांचा थोरला नातू म्हणाला. "ही एक गोष्ट आहे. आम्ही सगळे मिळून ती रचतों."

त्यानें मग आम्हांस खेळाची रीत समजावून दिली. एकजण कथेकरी होतो. तो स्थळ, काळ व प्रसंग सांगतो. बाकीचे एकेक पात्र घेतात आणि 'आतां तुम्ही काय करतां?' असें कथेकऱ्यानें विचारलें म्हणजे त्या पात्राच्या वतीनें उत्तर देतात. केलेला बेत सिद्धीस जाईल कीं फसेल याचा संशय असेल तेथें वीस बाजूंचा फांसा टाकून निर्णय होतो. अमेरिकेंत गॅरी गायगॅक्स व डेव्ह अर्नेसन या दोघांनीं १९७४ सालीं 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या नांवानें असा खेळ प्रसिद्ध केला. मेजावर सैन्यें मांडून खेळावयाच्या युद्धखेळांतून तो निघाला, आणि त्याच्या पाठोपाठ त्याच जातीचे पुष्कळ खेळ निघाले. आमच्या भाषेंत सांगावयाचें तर कीर्तनांतील आख्यान, नाटकांतील सोंग आणि सारीपाटांतील फांसा या तिहींचा हा संगम आहे. फरक इतकाच कीं, पुढें काय घडणार हें कथेकऱ्यासही पुरतें ठाऊक नसतें.

नातवानें आपली कथा परदेशांतील राक्षस-पिशाच्चांची न ठेवतां तीनशें वर्षांपूर्वींच्या खानदेशांत बसविली होती. हें ऐकून आम्हांस संतोष वाटला व आम्ही तेथेंच भिंतीला टेकून बसलों.

परंतु हा संतोष फार वेळ टिकला नाहीं. पुतण्याचा नऊ वर्षांचा मुलगा या मंडळींत नवखा होता. स्वभावानें तो मितभाषी, किंबहुना भिडस्तच. कोणतें पात्र हवें असें विचारतां त्यानें, कोणताही मुलगा मागेल तेंच मागितलें. तो म्हणाला, "मी सुभेदार मल्हारराव होळकर." थोरल्यांनींही मोठ्या मनानें तें त्याला दिलें. कागदावर बळाचे, शौर्याचे, अधिकाराचे मोठमोठे आंकडे लिहिले गेले. कथेकऱ्यानें प्रसंग सांगितला: नदीपलीकडे शत्रूचा तळ आहे, आपल्याकडे पांच हजार स्वार आहेत, दाणावैरण दोन दिवसांची उरली आहे. "बोला सुभेदार, काय हुकूम?"

सुभेदार बोलेनात. स्वारांनीं कोणत्या वाटेनें जावें, उतार कोठें आहे, आपल्या हाताखालीं कोण कोण आहेत, यांतलें त्या बालकास काय ठाऊक! एकजण कुजबुजला, "छापा घाल म्हण." दुसरा म्हणाला, "नको, तह कर म्हण." तिसऱ्यास हसूं आलें. मुलगा लाल झाला, कागद चुरगळून खालीं गेला आणि त्या संध्याकाळीं त्यानें फराळाच्या ताटास हात लावला नाहीं. त्याची आई स्वयंपाकघरांत कांहीं बोलली नाहीं. पण तिच्या डोळ्यांत पाणी आलेलें आमच्या सौभाग्यवतींनीं पाहिलें.

लहान मुलांचें रुसणें तें काय, असें कोणी म्हणेल. आम्हांस मात्र त्या रात्रीं झोंप आली नाहीं, आणि त्याचें कारण आमच्या स्वतःच्या आयुष्यांत आहे.

पस्तीस वर्षांपूर्वीं आम्ही एका शाळेंत संस्कृत शिकवीत असूं. वार्षिक संमेलनासाठीं शाकुंतलाचा एक लहानसा मराठी प्रवेश आम्हीं बसविला. वर्गांत एक बुद्धिमान व स्वच्छ वाणीचा विद्यार्थी होता. तो रंगभूमीवर पूर्वीं कधीं उभा राहिला नव्हता; तरीही त्याला आम्हीं एकदम दुष्यंत केलें, आणि दोन वर्षें नाटकांत मुरलेल्या मुलास द्वारपाल. प्रयोगाच्या दिवशीं पडदा वर गेला. राजेसाहेब आले, समोरच्या गर्दीकडे त्यांनीं पाहिलें आणि ते जे स्तब्ध झाले ते झालेच. प्रेक्षकांनीं टाळ्या पिटल्या. आम्हीं, त्याला धीर देण्याचें सोडून, आंत येतांच "शाळेची लाज घालवलीस" असे कठोर शब्द उच्चारले. चूक आमची होती, आणि शिक्षा त्यास झाली. पुढें तो वडिलांच्या दुकानावर बसला, चांगला नांवारूपास आला. परंतु चार माणसांत बोलण्याची वेळ आली कीं तो उठून जातो, असें त्याचे बंधू सांगत. कांहीं वर्षांपूर्वीं तो बाजारांत भेटला. नमस्कार करून म्हणाला, "गुरुजी, माझा मुलगा तुमच्या शाळेंत आलाय. त्याला नाटकांत जरूर घ्या. फक्त पहिल्याच वर्षीं राजा करूं नका."

त्या वाक्यानें आम्हांस जें शिकविलें तें आमच्या सर्व पठनानें शिकविलें नव्हतें. तसें पाहिलें तर व्यासांनीं तें केव्हांच सांगून ठेविलें आहे. विराटपर्वांतील उत्तराची कथा प्रत्येक घरांत ठाऊक असते. पण आपण ती एका भित्र्या राजपुत्राची थट्टा म्हणून सांगतों आणि तिचा उत्तरार्ध विसरतों. कौरवांनीं गायी वळविल्या. अननुभवी उत्तर रथी झाला आणि साक्षात् अर्जुन, बृहन्नडेच्या वेषांत, त्याचा सारथी. सैन्याचा सागर दिसतांच उत्तरानें रथांतून उडी टाकून पळ काढला. अर्जुनानें त्याला धरून आणलें. येथें दुसरा कोणी असता तर त्यानें उत्तराला घरीं धाडलें असतें. अर्जुनानें तसें केलें नाहीं. त्यानें फक्त जागा बदलल्या. तो स्वतः रथी झाला आणि उत्तराच्या हातीं त्यानें लगाम दिले. शमीवृक्षावरील शस्त्रें खालीं काढण्याचें कामही त्यालाच सांगितलें. ज्याला युद्ध कसें करावें हें सुचत नव्हतें, त्याला घोडे कोठें न्यावेत हें सांगतांच तें जमूं लागलें. तोच मुलगा, तेंच रणांगण, तेच शत्रू. बदलली ती केवळ जागा. पळून जाणारा उत्तर त्या दिवशीं भीष्म-द्रोणांसमोर रथ हांकीत होता.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं आम्हीं थोरल्या नातवास बोलावून हें सर्व सांगितलें आणि विचारलें, "तुझी कथा सुभेदारापासून कां सुरू होते? मल्हारराव स्वतः कोठून सुरू झाले?"

हा प्रश्न नंदुरबारकरांनीं तरी विचारावयासच हवा. मल्हाररावांचा जन्म १६९३ चा, जेजुरीजवळच्या होळ गांवचा. वडील लवकर वारले, तेव्हां आई त्यांना घेऊन भावाच्या आश्रयास आली. ते मामा भोजराज बारगळ. आणि त्यांचें गांव आपल्याच जिल्ह्यांतील, तापीपलीकडचें तळोदें. बारगळांची गढी तेथें प्रसिद्धच आहे. मल्हारराव तेथें प्रथम मेंढरें राखीत. मामांच्या पदरीं सरदार कदम बांडे यांच्या चाकरींतील स्वारांचें एक लहानसें पथक होतें, त्यांत भाच्याचा शिरकाव झाला. १७२१ च्या सुमारास ते पेशव्यांच्या चाकरींत गेले, आणि पुढें माळव्याचे सुभेदार व इंदूरच्या होळकर घराण्याचे मूळपुरुष झाले. म्हणजे ज्या पुरुषाचें पात्र आमच्या बालकानें मागितलें, तो पुरुषही आधीं मामांचा स्वारच होता. हाताखालीं राहण्याचीं हीं वर्षें वगळून जर कोणी एकदम सुभेदार होऊं म्हणेल, तर त्याला मल्हाररावांचें नांव मिळेल, मल्हारराव मिळणार नाहींत.

मराठ्यांच्या लष्करांत या पायरीला नांवही होतें. स्वतःचा घोडा घेऊन येई तो शिलेदार. ज्याला घोडा व हत्यार सरकारांतून मिळे तो बारगीर. शिवछत्रपतींच्या पागेंत पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पांच हवालदारांवर एक जुमलेदार, दहा जुमल्यांवर एक हजारी, अशी चढण होती. नवख्याला प्रथम चोवीस सोबती आणि एक हवालदार, एवढेंच जग सांभाळावयाचें असे.

नातू हुशार. त्यानें ही सूचना उचलली आणि तिसऱ्या प्रहरीं धाकट्यास समजावून माडीवर नेलें. या वेळीं पात्र होतें तळोद्याच्या पथकांतील एक नवा बारगीर. त्याच्या कागदावरचे आंकडे लहान, पण त्याचें काम स्पष्ट. स्वतः भोजराज बारगळ, अर्थात् कथेकऱ्याच्या मुखानें, म्हणाले, "पोरा, हा खलिता घे. तापी उतरून उद्यां दुपारच्या आंत नंदुरबारास पोंचव. वाटेंत उतारावर किती नावा आहेत तें मोजून ये."

आम्ही श्वास रोधून पाहत होतों. मुलानें प्रथम एक प्रश्न विचारला. "मामासाहेब, नदीला पाणी किती आहे?" कालचा सुभेदार हें कोणास विचारणार होता? सर्व कांहीं ठाऊक असण्याचें ओझें त्याच्या डोक्यावर होतें. बारगिरास न ठाऊक असण्याचा अधिकार असतो. आणि गंमत अशी कीं, त्याच्या प्रश्नांना उत्तरें देतां देतां कथेकऱ्यानें सारा मुलूख, त्यांतील माणसें आणि भांडणें मामांच्या तोंडून सहज सांगून टाकलीं. निराळें व्याख्यान झोडावें लागलें नाहीं.

नदी उतरल्यावर फांसा उलटा पडला व घोडा लंगडूं लागला. "आतां काय करतोस?" एका चुलत भावानें सुचविलें, "घोडा सोड आणि पळत जा." मुलगा बराच वेळ विचार करीत बसला. या वेळीं कोणी हसलें नाहीं. मग तो हळूच म्हणाला, "घोडा माझा नाहीं ना. मामांचा आहे. मी त्याला धरून चालत जातों." खलिता उशिरा पोंचला. परत गेल्यावर मामासाहेबांनीं उशिराबद्दल कानउघाडणी केली, आणि घोड्याचे पाय तपासून, "घोडा जपलास, हें मी ध्यानांत ठेवीन," असेंही म्हटलें. मुलाचा चेहरा त्या क्षणीं जसा फुलला तसा आम्हीं पूर्वीं पाहिला नव्हता. नावांची संख्याही त्यानें बिनचूक सांगितली.

हाताखालचें पात्र नवख्यास कां मानवतें, याचा उलगडा या एका प्रसंगांत होतो. पहिली गोष्ट, त्याला करावयास काम असतें. 'तुला हवें तें कर' हें वाक्य जाणत्यास मोकळें रान वाटतें, पण नवख्यास तें अरण्य असतें. दुसरी, त्याला विचारावयास माणूस असतें. तिसरी, त्याच्या चुकीनें खलिता उशिरा पोंचतो, राज्य बुडत नाहीं. आणि चौथी व आमच्या मतें सर्वांत मोठी गोष्ट, त्याला सत्तेची खालची बाजू दिसते. हुकूम देणाऱ्याच्या ओठांवर एक शब्द असतो, पण त्या शब्दापायीं कोणाचे पाय किती चालतात हें हुकूम पाळून पाहिल्याशिवाय कळत नाहीं. आपल्याकडील शेतकरी नवा गोऱ्हा एकदम दुसऱ्या गोऱ्ह्याच्या जोडीला जुंपीत नाहीं. जाणत्या बैलाशेजारीं जुंपतो. त्यांत गोऱ्ह्याचा अपमान आहे असें कोणास वाटत नाहीं.

परंतु आमचा हा आनंद ओसरीवर व्यक्त होत असतां मुलाची आई पुढें आली आणि नम्रपणें, पण ठामपणें म्हणाली, "काका, आज तो खुश आहे हें खरं. पण तो मुळांतच दबणारा मुलगा आहे. त्याला खेळांतही मोठ्यांच्या हाताखालींच ठेवायचं का? त्यांतून तो हुजरेगिरीच शिकला तर?"

सूनबाईंचा आक्षेप साधा नव्हता. ज्या देशांत शतकानुशतकें कोट्यवधि माणसें जन्मानेंच हाताखालचीं ठरविलीं गेलीं आणि त्यांना वर चढण्याची पायरीच ठेविली नव्हती, त्या देशांत 'आधीं सेवक व्हा' हा उपदेश करणाऱ्यानें जपून बोललें पाहिजे. आम्हीं रात्रभर विचार केला. त्याअंतीं जें सुचलें तें असें कीं, उमेदवारी आणि गुलामगिरी यांच्यांत तीन कसोट्यांनीं निवड करतां येते.

पहिली कसोटी ही कीं, थोर पात्रानें वेळेवर दृष्टीआड व्हावें. मामासाहेबच जर नदीपर्यंत बरोबर आले असते, तर घोड्याचा निर्णय मुलानें कशाला केला असता! 'मुद्राराक्षसां'त चाणक्याएवढा समर्थ स्वामी दुसरा नाहीं. तरीही तो सिद्धार्थकास वधस्थानावरून शकटदासास सोडविण्याची कामगिरी सांगतो आणि स्वतः मागें राहतो. पुढें शत्रूच्या गोटांत राक्षसाचा विश्वास मिळवावयाचा तो एकट्या सिद्धार्थकानें. स्वामीनें सर्व पराक्रम आपणच गाजविला आणि नवख्यानें नुसता पाहत राहावें, असें झालें तर तो खेळ नव्हे, नवख्याची शिक्षा आहे.

दुसरी कसोटी, हुकुमांत विचाराला जागा असावी. काय करावयाचें तें वरच्यानें सांगावें, कसें तें खालच्यावर सोडावें. आणि हुकूम अन्यायाचा असेल तर 'हें मी करणार नाहीं' असें म्हणण्याची वाट कथेंत उघडी असावी.

तिसरी कसोटी, पायरीला शेवट असावा. मल्हारराव तळोद्यासच राहिले असते तर आज त्यांचें नांव कोणी घेतलें नसतें. खेळांत चार बैठकींनंतर बारगिराचा हवालदार झालाच पाहिजे. १९८७ सालीं अमेरिकेंतच निघालेल्या 'आर्स मॅजिका' नांवाच्या खेळांत याहून सुंदर तोड काढलेली आहे. त्यांत समर्थ मांत्रिक असतात आणि त्यांचे साधे रखवालदारही असतात. मात्र खेळणारे आलटून पालटून दोन्ही होतात. आज जो मांत्रिक, तोच उद्यांच्या कथेंत दुसऱ्याच्या मांत्रिकाचा रखवालदार. असें झालें म्हणजे हुकूम देणाऱ्याचा आवाज आपोआप मऊ होतो.

नियमाला अपवाद असतात हेंही प्रांजळपणें सांगितलें पाहिजे. १९०५ सालीं नारायणराव राजहंस किर्लोस्कर नाटक मंडळींत आले ते एकदम शकुंतला म्हणूनच उभे राहिले, आणि त्यांचे बालगंधर्व झाले. पण त्यांच्यापाशीं गळा आधींच तयार होता. गंधर्व शतकांतून एखादाच जन्मतो. बाकीच्या आम्हां सर्वांस पायरीनेंच चढावें लागतें.

या विचारांचा एक कांटा आम्हांस स्वतःलाही टोंचला, तो लपवीत नाहीं. आमच्या वडिलांनीं घरच्या जमाखर्चाची वही अखेरपर्यंत हातची सोडली नाहीं, आणि आम्हींही तीच परंपरा चालविली आहे. चिरंजीव पंचेचाळिशीस आले. तरी शेताचा खंड किती येतो हें त्यांना आम्हांस विचारावें लागतें. एकत्र कुटुंबांत उमेदवारी पुष्कळ, पण बढती कधीं? भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशीं सकाळीं आम्हीं ती वही चिरंजीवांच्या हातीं दिली. ते गोंधळून म्हणाले, "अण्णा, चुकलं तर?" आम्हीं म्हटलें, "मग मला विचार. मी आहें तों विचारून घे."

सूनबाईंस आम्हीं या तीन कसोट्या सांगितल्या. त्यांनीं ऐकून घेतल्या आणि एवढेंच म्हणाल्या, "मग बढती मी मोजत राहीन हं, काका." त्यांनीं तसें जरूर करावें, आणि प्रत्येक घरांतील आईनें करावें.

सुट्टी संपण्याच्या आदल्या दिवशीं माडीवर शेवटची बैठक झाली. बारगीर आतां हवालदार झाला होता आणि त्याला पथकांत नवीं माणसें भरावयाचीं होतीं. आम्ही नेहमींच्या जागीं भिंतीला टेकून बसलों होतों. मुलानें आमच्यापुढें एक कोरा कागद व पेन्सिल ठेवली.

"आजोबा, तुम्ही येतां का? पण तुम्ही नवे आहांत. तुम्हांला आधीं माझ्या हाताखालीं बारगीर व्हावं लागेल."

आम्हीं कागदावर नांव लिहिलें आणि विचारलें, "हवालदारसाहेब, नदीला पाणी किती आहे?"

"सांगतों," तो म्हणाला, आणि सरकून आमच्या शेजारीं बसला.